आप्पाजींना येणारा वास

आमच्या अपार्टमेंटमध्ये तीनशे बारा फ्लॅट आहेत. त्या सगळ्या घरांतल्या संडास-मोऱ्यांतून जे काही खाली जातं ते बी ब्लॉकच्या तळघराखाली एका जागी गोळा होतं. बेंगळुरूत जे. पी. नगरच्या आमच्या टोकाला गटारांच्या आधी इमारती पोचल्या, म्हणून सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आमचा आम्हालाच बांधावा लागला. त्याला सगळे एसटीपी म्हणतात. लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर हा शब्द रोज येतो. पण त्या लोखंडी दाराच्या आत पाऊल टाकलेली माणसं आमच्यात दहाही नसतील.

आप्पाजी चौगुले त्या दाराच्या आत नऊ वर्षं काम करत होते.

मी अंजली. पुण्याहून इकडे आले त्याला तेरा वर्षं झाली. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, सी ब्लॉकमध्ये फ्लॅट, आणि मध्ये दोन वर्षं कमिटीची सेक्रेटरी. सेक्रेटरी झाल्यावर प्लांट बघायला पहिल्यांदा खाली उतरले ती ओढणी नाकाला लावूनच. आप्पाजींनी ते पाहिलं. काचेच्या एका उंच नळकांड्यात टाकीतलं तपकिरी पाणी भरलं आणि माझ्यासमोर धरलं.

"वास घेऊन बघा अक्का. मराठी हाय न्हवं तुम्ही? घ्या, कायबी होत न्हाई."

घेतला. नांगरलेल्या ओल्या रानासारखा वास होता.

"ब्लोअरनं टाकीत हवा बरोबर सोडली की जंतू जगत्यात," ते म्हणाले. "जंतू जगले की घाण खात्यात. वास मारायला लागला म्हंजे समजायचं, जंतू मेले."

ते निपाणीजवळच्या एका खेड्यातले. घरात मराठी, शाळा कन्नड. पोरसवदा असताना तंबाखूच्या वखारीत होते. पान नाकाजवळ नेऊन त्याची प्रत सांगायचे. ते नाक घेऊन माणूस बेंगळुरूला आला आणि आमच्या मैल्यावर नेमला गेला. बायको कावेरी बोम्मनहळ्ळीच्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर. मुलगी सिद्धी. कोत्तनूरला दोन खोल्यांचं भाड्याचं घर.

टाकीच्या तोंडाशी एक जाळी असते. वरून आलेलं जे विरघळत नाही ते तिथे अडकतं आणि ते हाताने काढावं लागतं. सॅनिटरी पॅड, निरोध, ओले टिश्यू, दुधाच्या पिशव्या, एकदा आख्खी दातांची कवळी. एकदा सातशे चारमधल्या बाईंच्या कानातलं हिऱ्याचं फूल आप्पाजींना तिथे सापडलं. त्यांनी ते तीन पाण्यांनी धुतलं, कागदात बांधलं, वर नेऊन दिलं. बाईंनी दार अर्धं उघडून ते बुटांच्या कपाटावर ठेवायला सांगितलं आणि लगेच ग्रुपवर लिहिलं, खालची माणसं ब्लॉकमधली लिफ्ट वापरतात का? आप्पाजींना मी हे सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलंच. ते हसले होते. तेव्हा हसायचे.

दोन हजार बावीसच्या ऑगस्टमध्ये ते सुरू झालं. काहीही घडलेलं नव्हतं, हे मला आधीच सांगून टाकू दे, कारण नंतर येणाऱ्या प्रत्येक माणसाने कारण विचारलं. दारू नाही, तंबाखू नाही, घरात भांडण नाही, कुणी गेलेलं नाही. एका रविवारी दुपारी कावेरीने भात वाढला आणि आप्पाजींनी ताट सरकवलं.

"भाताला वास येतोय."

तिने दुसरा लावला.

"ह्यालाबी येतोय."

मग डाळीला आला. अंघोळीच्या साबणाला आला. देवापुढच्या उदबत्तीला, मोगऱ्याच्या गजऱ्याला, सिद्धीच्या केसांतल्या खोबरेल तेलाला. लेक जवळ येऊन बसली की हे तोंड फिरवायचे. ती पंधरा वर्षांची होती. तिने तेल लावणं सोडलं, मग दिवसातून दोनदा केस धुवायला लागली, मग बापाजवळ बसणंच सोडलं.

"कसला वास?" कावेरीने विचारलं.

"कसला म्हणून न्हाई. कुजल्यागत न्हाई, जळल्यागत न्हाई. नकोसा."

गंमत अशी की खाली, जिथे बाकीचे लोक नाक दाबतात, तिथे त्यांना काही होत नव्हतं. मी एकदा विचारलं, इथे बरं वाटतं का? "बरं न्हाई अक्का. हितं कायच वाटत न्हाई. वर गेलं की समद्याची शिसारी येती."

आधी पोटाचे डॉक्टर झाले. घशातून नळी घालून पोट पाहिलं, स्वच्छ निघालं. मग नाक-कान-घशाचे. मग डोक्याचा स्कॅन, कारण नसलेला वास येणं हे मेंदूत काही असल्याचंही लक्षण असू शकतं. तोही साफ. कावेरीचा भाऊ चंदन आनेकलला एका कारखान्यात आहे; तो एका माणसाकडे घेऊन गेला, तिथे त्यांच्या कपाळाला राख फासून डोक्यावर कोंबडं फिरवलं. कोंबड्याच्या पिसांचा वास आठवडाभर गेला नाही म्हणे.

तोवर ते दिवसाचे चौदा तास आडवे असायचे. कामावर यायचे, जाळी साफ करायचे, नळकांडं भरून ठेवायचे आणि त्याच्याकडे न बघता भिंतीला टेकून बसायचे. दाढी वाढली. अंघोळ चार-चार दिवस नाही. ते बोलत नसत असं नाही; विचारलं की उत्तर द्यायचे, पण उत्तर यायला इतका वेळ लागायचा की विचारणारा निघून जायचा.

शेवटी बनशंकरीच्या एका मानसोपचार डॉक्टरांनी नाव दिलं. डिप्रेशन. गोळी दिली, सहा-आठ आठवडे धीर धरा म्हणाले. सिद्धी कॅलेंडरवर रोज गोळीची खूण करायची. पहिल्या गोळीने तोंड कोरडं पडलं, बाकी काही नाही. डोस वाढवला, काही नाही. दुसऱ्या गोळीने नऊ किलो वजन वाढलं. ज्या माणसाला अन्नाची ओकारी येते त्याचं वजन वाढतं, हा काय घाणेरडा विनोद आहे! घास तोंडात धरून, डोळे मिटून, गिळून टाकायचे आणि पोट सुटत होतं. तिसऱ्या गोळीने घामाच्या धारा. त्या घामाचा वास त्यांना स्वतःलाच सहन व्हायचा नाही.

गोळ्या चुकवल्या असतील, असं लोक म्हणाले. एकही चुकली नव्हती. कॅलेंडर मी पाहिलं आहे.

आता आमच्याबद्दल. आमच्यासारख्या लोकांबद्दल लिहिताना मला अजून तोंडात कडू येतं, तरी लिहिते. आप्पाजी आजारी आहेत हे कळल्यावर अपार्टमेंट जागं झालं. कुणी प्राणायामाचा व्हिडिओ पाठवला. कुणी हळदीचं दूध सांगितलं. कुणी म्हणालं उन्हात बसा, माणूस दिवसभर तळघरात असतो म्हणून असं होतं. त्याला तळघरात कुणी बसवलं होतं ते बोललं नाही. सातशे चारच्या बाईंनी वापरलेला सुगंधी दिवा दिला, लॅव्हेंडरचा. ज्याला फुलांच्या वासाने उलटी येते त्याला.

आणि मी? मी एक सुंदर वही नेऊन दिली. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, मन हळूहळू तिकडे वळतं, असं मी आमच्या कंपनीच्या कार्यशाळेत शिकले होते. आप्पाजींनी मान डोलावली. महिन्याने वही परत दिली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: पाणी आले. सिद्धी शाळेला गेली. ब्लोअर चालू आहे. दुसऱ्या पानावर तेच. तिसाव्या पानावर तेच, त्याच क्रमाने, त्याच अक्षरात.

मला राग आला. खरं सांगते, मला वाटलं, हा माणूस प्रयत्नच करत नाही. मी ते कावेरीला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "अक्का, रोज लिवत होते. हात उचलत न्हवता तरी लिवत होते. त्येवढं एकच काम ते घरात करायचे."

ऑक्टोबर तेवीसमध्ये आमचे अध्यक्ष अवधूत यांनी क्लबहाऊसमध्ये मानसिक आरोग्य सप्ताह ठरवला. अवधूत मुंबईचे, एका मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कार्यक्रम भरगच्च होता: रांगोळी, ध्यान, लहान मुलांची चित्रं. अवधूतला एक 'स्टोरी' हवी होती.

"आपला आप्पाजी आहे ना," तो मला म्हणाला. "सव्वा वर्ष फाइट करतोय. ही शुड स्पीक. पॉझिटिव्ह ठेव, दोन मिनिटं, हिंदीत. तू लिहून दे, तुझं तो ऐकतो."

मी लिहून दिलं. अंधार, मग मदतीचे हात, मग उजेड. अपार्टमेंट परिवाराचे आभार. चांगलं लिहिलं होतं.

आप्पाजींनी कागद वाचला. "पण अक्का, मला बरं कुठं वाटतंय?"

"बोललात की वाटेल," मी म्हणाले.

शनिवारी सकाळी अकराला क्लबहाऊस भरलेलं. आप्पाजींना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला होता. कावेरीची शिफ्ट होती, ती नव्हती. अवधूतने त्यांचं नाव पुकारलं आणि सत्कार म्हणून निशिगंधाचा मोठा गुच्छ त्यांच्या छातीशी दिला. इतकी फुलं, आणि बंद खोलीतला एसी. मला तेव्हाच उठायला हवं होतं. मी पहिल्या रांगेत मोबाइल धरून बसले होते, व्हिडिओ काढायला.

त्यांनी पहिली तीन वाक्यं वाचली. मग थांबले. हिंदी सोडून मराठीत बोलायला लागले, कागदाकडे न बघता, अगदी सपाट आवाजात, कुणावर राग नसल्यासारखे.

"मला बरं वाटत न्हाई. तीन गोळ्या झाल्या. घरात बायकोचा वास सोसत न्हाई, पोरीचा सोसत न्हाई. तुमचाबी सोसत न्हाई."

बहुतेकांना कळलं नाही. अवधूतला कळलं. त्याने माइक घेतला आणि म्हणाला, "ही इज बीइंग सो ऑनेस्ट. लेट्स गिव्ह हिम अ बिग हँड!"

आणि टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. लोक उभे राहिले. त्या टाळ्या चालू असतानाच आप्पाजींना ओकारी आली. त्यांनी गुच्छ बाजूला करायचा प्रयत्न केला, जमलं नाही; फुलांवर, शर्टावर, रांगोळीच्या कडेवर सगळं आलं. टाळ्या थांबायला दोन-तीन सेकंद लागले. मग खुर्च्या मागे सरकल्या, हात नाकाकडे गेले. कुणीतरी मुलांना बाहेर नेलं. कुणीतरी ओरडलं, हाउसकीपिंगला बोलवा!

आप्पाजी मंचावरून खाली उतरले. पुढच्या दाराने बाहेर गेले आणि भुशाचं घमेलं, झाडू, फिनेल घेऊन परत आले. भुसा पसरला, थांबले, झाडलं, पुसलं. त्या शंभर माणसांसमोर त्यांनी आपली ओकारी आपल्या हाताने काढली, कारण त्या इमारतीत घाण काढणारा माणूस कोण हे सगळ्यांना, त्यांनाही, ठाऊक होतं. मी बसून होते. माझ्या फोनमध्ये रेकॉर्डिंग चालू होतं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला: गुच्छ घेतलेले आप्पाजी, बाजूला अवधूत. सत्त्याऐंशी लोकांनी हृदयाची खूण दिली. सोमवारी कमिटी बसली. प्लांटसारख्या ठिकाणी अशा मनःस्थितीतला माणूस ठेवणं त्याच्याच दृष्टीने सुरक्षित नाही, असं ठरलं. त्याच्याच दृष्टीने, हे शब्द माझे होते. रजेच्या पत्रावर सही माझी होती. ती रजा कधी संपली नाही. महिन्याभरात प्लांट एका ठेकेदाराला दिला.

आठ दिवसांनी कावेरीचा फोन आला. आप्पाजींनी दोन दिवस पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं. पाण्यालाही वास येत होता. मी गाडी काढली, आम्ही तिघं मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. मागच्या सीटवर त्यांच्या अंगाचा जो दर्प येत होता तो मी विसरलेले नाही, आणि मी काच खाली केली हेही विसरलेले नाही.

तिथे डॉ. स्मिता भेटल्या. हुबळीकडच्या, तिशीतल्या, पायात स्पोर्ट्स शूज. त्यांनी आप्पाजींशी कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली आणि प्रत्येक प्रश्नानंतर नुसत्या थांबल्या. एक मिनिट, दोन मिनिटं. उत्तर येईपर्यंत. सव्वा वर्षात हे कुणी केलं नव्हतं.

मरावंसं वाटतं का, असं त्यांनी सरळ विचारलं. बऱ्याच वेळाने आप्पाजी म्हणाले, "मरायलाबी उठावं लागतंय."

त्यांना दाखल करून घेतलं. मग डॉक्टर बाहेर येऊन आम्हाला म्हणाल्या, "दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस घेऊनही फरक पडला नाही, तर त्याला आम्ही औषधाला दाद न देणारं डिप्रेशन म्हणतो. यांची तीन झाली. लोक यातून पेशंटच हट्टी आहे असा अर्थ काढतात. तसं नाही. कमी पडलंय ते औषध. अजून उपाय आहेत, पण जादू यातल्या कशातच नाही."

आधी चौथं औषध जोडून पाहिलं, ज्याला सारखं रक्त तपासावं लागतं. हातांना कंप सुटला, चहा सांडायला लागला. पाणी प्यायला लागले, एवढाच फरक. मग डॉक्टरांनी विजेचा उपचार सुचवला.

चंदन आनेकलहून धावत आला. "शॉक? शॉक देऊन वेडं करत्यात अक्का! सिनेमात बघितलं न्हाई का?"

डॉ. स्मितांनी त्याला बसवून सांगितलं: भूल देतात, स्नायू सैल करायचं औषध देतात, अंग नीट हलतही नाही, काही सेकंदांचं काम. आठवणीत मात्र भोकं पडू शकतात. काही भरतात, काही नाही. हे त्यांनी लपवलं नाही. चंदन कावेरीकडे बघून म्हणाला, तू सही करू नकोस.

"सही त्यांना करायची आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ते इथेच बसलेत. त्यांना विचारा."

आम्ही सगळे आप्पाजींकडे वळलो. ते पेन हातात घेऊन म्हणाले, "कुठं करायची?"

पहिल्या खेपेला ते आत गेले तेव्हा मी आणि कावेरी व्हरांड्यात बसलो होतो. समोर पपईचं झाड होतं, त्याखाली कुणीतरी केळ्याच्या साली टाकलेल्या, माश्या घोंगावत होत्या. कावेरी त्या माश्यांकडे बघत बोलायला लागली.

"तुमाला एक सांगू अक्का? कुणाला बोलले न्हाई. मला त्यांची किळस आली हुती. आपल्या नवऱ्याची. तोंडाला वास, अंगाला वास, गादीला वास. मी सिद्धीच्या खोलीत निजायचे. त्यांना न्हाऊ घालायचे तेव्हा तोंड फिरवून घालायचे. म्हणायचे, ह्ये एकदाचं सरू दे. कसं सरू दे, ते मनात आणायचे न्हाई, पर म्हणायचे."

मी तिला काही समजावलं नाही. समजावण्याचा मला तोवर वीट आला होता.

आठवड्यातून तीनदा, असे नऊ वेळा उपचार झाले. पहिल्या चारनंतर काहीच नाही. पाचव्यानंतर दुपारी वॉर्डात भात आणि सारू, म्हणजे इकडचं सार, आलं. आप्पाजींनी दोन घास खाल्ले, तिसरा हातात धरला आणि म्हणाले, "तिखट न्हाई ह्यात."

कावेरीने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती. पंधरा-सोळा महिन्यांत त्यांनी जेवणाला पहिल्यांदा नाव ठेवलं होतं.

ते घरी आले. दाढी केली. सिद्धीजवळ बसायला लागले. पण भोकं पडली होती. सिद्धीचा दहावीचा निकाल त्यांना आठवेना. गुणपत्रिका दाखवली तर परक्या मुलीची असल्यासारखी कौतुकाने बघत राहिले. त्याच वर्षी गावाकडे झालेलं पुतणीचं लग्न गेलं. कोंबडंही गेलं, ते बरंच झालं.

जानेवारीत मी त्यांना भेटायला कोत्तनूरला गेले. मनाशी ठरवून गेले होते. माफी मागायची. ते पायरीवर बसून शेंगा सोलत होते.

"आप्पाजी, क्लबहाऊसच्या त्या कार्यक्रमाचं..."

"कसला कार्यक्रम?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. गुच्छ नाही, टाळ्या नाहीत, भुसा नाही. नोकरी सुटली हे माहीत होतं. आजारपणामुळे सुटली असं कावेरीने सांगितलं होतं.

मला हायसं वाटलं. मी शेंगा सोलायला बसले आणि दुसऱ्या विषयावर बोलत राहिले. परत येताना गाडीत मला माझी जी किळस आली तिच्यापुढे त्या जाळीवरचं सगळं काहीच नव्हतं.

बरं झालं आणि गोष्ट संपली, असं झालं नाही. एप्रिलमध्ये वास परत आला. आधी उदबत्तीला, मग भाताला. या वेळी मात्र कावेरीने कारण शोधलं नाही, दुसऱ्याच दिवशी रुग्णालय गाठलं. पुन्हा सहा उपचार, आणि त्यानंतर दर तीन आठवड्यांनी एक, कायम. डॉ. स्मितांनी कायम हा शब्द वापरला नाही, आता असंच चालू ठेवू म्हणाल्या. तीन आठवड्यांतले पहिले दोन बरे जातात. तिसऱ्यात चव जाते, बोलणं कमी होतं. तारीख चुकली तर माणूस हातातून जातो.

चंदनने त्यांना आनेकलकडच्या एका रंगाच्या कारखान्यात लावून दिलं, तिथल्या सांडपाण्याच्या प्लांटवर. घरही तिकडेच घेतलं. काम त्यांना आवडत नाही. "तितं जंतू न्हाईत अक्का, नुसतं रसायन. मारायचं आणि सोडायचं." पण तारखेला सुट्टी देतात, आणि आजार काय ते विचारत नाहीत. आमच्या प्लांटच्या दाराला ठेकेदाराने नवा हिरवा रंग दिलाय. मी कमिटी सोडली. अवधूत अजून अध्यक्ष आहे. मागच्या वर्षी सप्ताह पुन्हा झाला, मी गेले नाही. त्याने फार फरक पडला असं समजू नये, मी नुसती घरात बसले होते.

गेल्या महिन्यात उपचाराच्या तारखेला कावेरीला सुट्टी मिळाली नाही, सिद्धीची परीक्षा होती. सोबत माणूस लागतोच. मी गेले. कागदावर एक रकाना होता, पेशंटशी नातं. मी पेन धरून थांबले तेव्हा खिडकीतली बाई कंटाळून म्हणाली, "काहीतरी लिहा, मागे लाइन आहे." मी 'ओळखीचे' असं लिहिलं.

तासाभराने त्यांना बाहेर आणलं. डोळे उघडे होते, पण त्यात मी नव्हते.

"नीवु यारू?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. तुम्ही कोण?

"अंजली. जे. पी. नगरची."

"सरी," बरं, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

दुपारपर्यंत ओळख परत आली. बाहेरच्या गाडीवरून इडल्या घेतल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली चटणी, कोमट, कडेने पाणी सुटलेली. मला तिच्याकडे बघवेना. ते मन लावून खात होते. आणि तेव्हा मी सगळं सांगितलं. भाषण मी लिहिलं होतं. गुच्छ, टाळ्या, ओकारी, भुसा. पत्रावरची सही. एका दमात, त्यांच्याकडे न बघता.

मी तो दिवस का निवडला ते मला पक्कं माहीत आहे. उपचाराच्या दिवशीचं त्यांना फारसं लक्षात राहत नाही.

ते चटणी पुसून घेत होते. "कधी झालं ह्ये?"

"दोन वर्षं होतील."

"असंल," ते म्हणाले. मग चटणीची पिशवी दुमडत, "मी लई घाण केली हुती का?"

"नाही आप्पाजी," मी म्हणाले. "तुम्ही नाही."

आनेकलची बस आली. गर्दी होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली, मी शेजारी उभी. पुढच्या थांब्यावर बाजारातून परतणारी एक बाई शेवंतीची मोठी पाटी घेऊन चढली आणि ती पाटी तिने नेमकी त्यांच्या पायाशी ठेवली. आप्पाजींनी खिशातून रुमाल काढून नाकाला धरला.

"वास येतोय?" मी विचारलं.

"स्वल्प," ते रुमालाआडून म्हणाले, आणि बाईला जागा व्हावी म्हणून पाय आत ओढून घेतले.